सगळे आल्यावर उघडायची पेटी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, कागदपत्रांची नव्हे, वाजवायची तर मुळीच नव्हे. मी आंबे पिकवायची पेटी. न्हावऱ्यात आबांच्या घरी, मधल्या खोलीत, देवाच्या फळीखाली अकरा वर्षं बसून आहे. माझ्यावर लोक इस्त्रीचे कपडे ठेवतात, दळणाचे डबे ठेवतात, कुणी दमून आलं तर सरळ बूड टेकतं. मी कधी हूं की चूं केलं नाही. आज बोलते, कारण दिवाळीपर्यंत बोलायला मी असेन की नाही, याची काही खात्री राहिलेली नाही.

जन्मानं मी परदेशी आहे बरं का. कुठल्याशा थंड मुलखात पाईनच्या फळ्या कापून, खिळे ठोकून मला उभं केलं, पोटात एका मशीनचा भाग घातला आणि बोटीवर चढवलं. निघताना अंगावर काळ्या रंगात तीन चित्रं छापली. वर तोंड केलेले दोन बाण, एक पेला आणि एक उघडी छत्री. त्यांचा अर्थ मला पाठ होता. पण मी ज्या घरात येऊन पडले तिथं मला तो कुणी विचारला नाही, आणि ते बरंच झालं.

रांजणगावला तेव्हा नवीन नवीन कंपन्या उभ्या राहत होत्या. अठ्ठ्याण्णव साल होतं. मशीन बाहेर काढलं आणि मला मागच्या आवारात भंगारात टाकलं. सात समुद्र ओलांडून आल्याचा तोरा पंधरा दिवसांत उतरला. मग एका दिवशी दोन तरुण माझ्यासमोर उभे राहिले. एक संपत, आबांचा मुलगा. दुसरा त्याच्याच मशीनवर काम करणारा त्याचा मित्र सुमित, यवतचा.

“सुम्या, आईला आंबे घालायला झ्याक हाय बघ,” संपत म्हणाला.

“गेटपास कर मग. नायतर वॉचमन तुलाच पेटीत घालंल,” सुमित म्हणाला.

साहेबांची सही घेऊन, वॉचमनला तीनदा कागद दाखवून दोघांनी मला टेंपोत घातलं. अशी मी न्हावऱ्याला आले.

ओसरीवर उतरवल्या उतरवल्या संपतची आई कुशाबाई हात पुसत बाहेर आली. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि एकदम तोंडाला पदर लावून थबकली.

“अगं बया! अवो, हिकडं या बघू. ह्याच्यावर तर देवाची छत्री हाय!”

हे घर धनगराचं. आबांचे वडील मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे. आबांनी मेंढरं विकून ऊस आणि कांदा धरला होता, पण देव तोच राहिला, बिरदेव. आणि बिरदेवाच्या यात्रेत छत्र्या नाचतात. कुशाबाईला दुसरं काय दिसणार? आबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली.

“व्हय की. कंपनीत बी देवाचं मानत्यात जणू.”

संपत काही बोलायला गेला, तर सुमितनं त्याचा पाय दाबला. कुशाबाईनं लगेच हळदीकुंकू आणून माझ्या छत्रीला बोट लावलं. इतक्या मानानं मला आयुष्यात कुणी वागवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं सुमित ओसरीच्या कडेला हातपाय धूत होता. तांब्या घेऊन उभी होती ती संपतची धाकटी बहीण प्रतिभा. शिरूरला मास्तरीण व्हायचा अभ्यास करत होती.

“ती छत्री कसली वो?” तिनं हळूच विचारलं.

“पावसात भिजवू नका म्हणून छापतात.”

“आन् पेला?”

“फुटणारं हाय, जपून उचला.”

प्रतिभाला हसू आवरेना. “आईला सांगू नका.”

“मी कशाला सांगतोय? देव तरी दुसरं काय सांगतो? जपूनच ठेवा म्हणतो की,” सुमित म्हणाला. प्रतिभानं त्याच्याकडे नीट पाहिलं. ते पाहणं माझ्या समोर झालं. पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथं आहे.

मला आत नेऊन ठेवल्यावर आबांनी नेम घातला. मेंढरांच्या तळावर असताना, शेवटचा माणूस परत आल्याशिवाय चुलीवरचं भांडं उतरत नसे. आता संपतच्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या, कधी रातपाळीमुळे घरातली माणसं एकत्र जेवायला महिना महिना बसत नव्हती. आबांना ते सलत होतं.

“देवाची छत्री म्हंजी देवाची पेटी,” ते म्हणाले. “हिच्यातलं, सगळे असल्याबिगर कुणी खायचं न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई.”

विहिरीजवळच्या बांधावर शेंद्री आंब्याचं झाड होतं. ते एका वर्षाआड धरायचं. नव्व्याण्णवला ते लगडलं. कुशाबाईनं माझ्या तळाला वाळलं गवत घातलं, आंब्यांचा थर, वर गवत, पुन्हा आंबे, अशी आढी लावली. पहिल्या वर्षी आंब्यांना माझ्या राळेचा जरासा वास लागला, आणि आबा त्याला ‘कंपनीचा वास’ म्हणायचे. मला राग यायचा.

माणसांच्या डोक्यात काय चालतं ते मला दिसत नाही. मला दिसतात हात. आणि त्या दहा दिवसांत हातांनी मला जे शिकवलं ते कुठल्या शाळेत शिकवत असतील असं वाटत नाही.

संपतचंच घ्या. दुपारपाळीला निघण्याआधी घरात कुणी नसलं की हा चांगला बाप्या माणूस इकडेतिकडे बघून झाकण उचलायचा, गवतात हात घालायचा, एक आंबा दाबून बघायचा. आता खाणार असं वाटायचं. पण तेवढ्यात आत कुठंतरी प्रतिभाचा आवाज आला की तो स्वतःशीच म्हणायचा, “हा प्रतीला ऱ्हाऊ दे,” आणि गपचूप आंबा जागेवर जायचा. तोच संपत एकदा कंपनीतल्या तिघाचौघांना घेऊन आला. दोस्तांसमोर त्याचा हात सैल सुटला. “घ्या रे एकेक!” म्हणत झाकण उचललंसुद्धा. सुमित त्यांच्यात होता. तो एवढंच म्हणाला, “संप्या, घरातले यायचेत.” हात मागं आला. माणूस तोच, आंबा तोच, भूकही तीच. शेजारी कोण उभं आहे, त्यावर हात ठरत होता.

संपतची पोरगी साधना तेव्हा नऊ वर्षांची. तिला धीर धरणं म्हणजे शिक्षाच. पण प्रतिभाआत्यानं तिला एक खेळ लावून दिला. रोज संध्याकाळी दोघी माझं झाकण बोटभर उचलायच्या आणि नाक लावायच्या.

“आज काय म्हणतोय गं?” आत्या विचारायची.

“आज नुसतं गवतच बोलतंय,” साधना म्हणायची.

तिसऱ्या दिवशी गवत, पाचव्या दिवशी जरासं गोड, सातव्या दिवशी साधना डोळे मिटून म्हणाली, “आत्या, आज आंबा बोलला!” खायची घाई असलेली ती पोर रोजच्या वासावर इतकी खूश असायची की मला वाटायचं, हिला आता आंबा नाही मिळाला तरी चालेल. तो आत्या शेजारी असल्याचा गुण होता, हे मला पुढं कळलं.

दहाव्या दिवशी संपतला सुट्टी होती. कुशाबाईनं मुद्दाम सुमितलाही बोलावलं. “त्यानं आणलीय पेटी. तो बी घरातलाच,” म्हणाली. आबांनी मान डोलावली. सगळे माझ्याभोवती गोल बसले. पहिला आंबा देवाला, दुसरा प्रतिभाला, मग साधनाला, संपतला, सुनेला, सुमितला. आबांनी सगळ्यात शेवटी घेतला आणि कोपरापर्यंत रस ओघळू दिला. मला काही खाता येत नाही, पण त्या दिवशी माझं पोट भरलं.

पुढच्या वर्षी प्रतिभा आणि सुमितनं पुण्यात जाऊन नोंदणी करून लग्न केलं. सुमित बौद्ध. घरात आधी सांगायचं धाडस दोघांना झालं नाही. चिठ्ठी आली ती संपतनं माझ्यावरच बसून वाचली. मग आबा म्हणाले, “मला एकच लेकरू. संपत. ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई.”

“आबा, सुमित माझ्या ताटात जेवलाय. तुमच्यासमोर जेवलाय,” संपत म्हणाला.

“जेवणं येगळं,” आबा म्हणाले.

मी लाकूड आहे, मला जात कळत नाही. आंबे एका आढीत घालताना कुशाबाईही झाडं विचारत नसे. पण आबांचा आवाज असा होता की संपतनं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि तो पाळीला निघून गेला. त्याच शॉपमध्ये समोरच्या मशीनवर सुमित असायचा. दोघं एकमेकांकडे बघेनासे झाले. वर्षभरात सुमितनं कंपनी सोडली आणि तिकडंच दौंडला नोकरी धरली. प्रतिभा यवतच्या एका शाळेत लागली, एवढं कानावर आलं.

न्हावऱ्याहून यवत म्हणजे काय हो? चौफुल्याला उतरायचं आणि पुण्याकडची गाडी धरायची. दीड तासाचा रस्ता. पण त्या घरातून तो रस्ता सात वर्षं कुणी चाललं नाही.

कुशाबाई या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, बाई मुकाट्यानं गिळतेय. माझी चूक झाली. झाड पुन्हा धरलं ते दोन हजार एकला. तिनं नेहमीसारखी आढी लावली. दहावा दिवस आला. वास घरभर सुटला होता. संपत, सून, साधना, आबा, सगळे येऊन बसले. कुशाबाई माझ्या शेजारी बसली, पण हात मांडीवरच ठेवले.

“उघड की,” आबा म्हणाले.

“सगळे आले का?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. “आले.”

“मला न्हाई दिसत.”

“कुशे, उगं वाकड्यात शिरू नगंस.”

“मी कुठं शिरते? पेटी देवाची, नेम तुमचा. मला मोडता येणार न्हाई. तुमी मोडा.”

आबांचा हात माझ्या झाकणापर्यंत आला. मला त्यांच्या तळहाताची ऊब लागली. मग ते उठले, पटका गुंडाळला आणि शेताकडे निघून गेले. झाकण तसंच राहिलं. चार दिवसांनी आंबे काळे पडले. रस माझ्या फळ्यांत मुरला, मुंग्या लागल्या. कुशाबाईनं ते सगळं पाटीत भरून म्हशीपुढं टाकलं आणि मला पुसून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बाई हट्टी. होतीच. पण रोज दुपारी माझं झाकण पुसताना तिचा हात एका ठिकाणी थांबायचा. त्या बाजूला प्रतिभा बसायची.

दोन हजार तीनला तसंच झालं. त्या वर्षी साधना तेरा वर्षांची होती. आढी लावून दोनच दिवस झाले होते. भर दुपारी ती एकटी आली, झाकण उचललं, वास घ्यायला वाकलीसुद्धा नाही. हाताला लागला तो कडक आंबा घेतला आणि कचकन चावला. दात आंबले. मग ती माझ्या कोपऱ्याला डोकं टेकून जी रडायला लागली ती थांबेचना. आंबा आंबट निघाला म्हणून कुणी इतकं रडत नाही. चार वर्षांपूर्वी हीच पोर दहा दिवस हसत थांबली होती. आता दोन दिवस निघत नव्हते, कारण ‘आज काय म्हणतोय गं’ विचारणारं शेजारी कुणी नव्हतं.

आणि आबा? आबांचं सांगितलं तर त्यांना आवडायचं नाही, पण सांगते. कुशाबाई रानात गेली की ते यायचे. दाराकडे पाठ करून बसायचे, झाकण बोटभर उचलायचे आणि नुसता वास घ्यायचे. खायचे नाहीत. नेम मोडायचे नाहीत. दोन हजार पाचला तर रिकाम्या तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. मी कान लावून ऐकलं. ते माणसं मोजत होते. संपत, सून, साधना, कुशा, आपण... आणि तिथं अडायचे. एक नाव घ्यायला त्यांची जीभ उचलत नव्हती, आणि ते नाव सोडून मोजणी पुरी होत नव्हती. बाहेर शंभर माणसांत ताठ वावरणाऱ्या त्या म्हाताऱ्याची मला तेव्हा फार दया यायची.

मग दोन हजार सातचा उन्हाळा आला. झाड इतकं लगडलं की फांद्यांना टेकू लावावे लागले. साधना शिरूरच्या कॉलेजात जात होती आणि मानसशास्त्र म्हणून एक विषय शिकत होती. आढी लावून दोन दिवस झाले होते. संध्याकाळी कुशाबाई माझ्याजवळ बसून शेंगा फोडत होती, आबा उंबऱ्यापाशी दोर वळत होते. साधना आजीला कॉलेजातलं सांगत होती.

“आजी, सर एक प्रयोग सांगत होते. बारक्या पोराला खोलीत एकटं बसवायचं. समोर एक गोळी ठेवायची. सांगायचं, आत्ता खाल्लीस तर एकच. मी येईपर्यंत थांबलास तर दोन.”

“मग?”

“काही पोरं थांबतात, काही लगेच खातात. सर म्हणाले, आता माणसाच्या डोक्याचा फोटो काढून बघत्यात, आत्ता पाहिजे म्हणताना आत काय होतं आणि थांबतो म्हणताना काय होतं.”

कुशाबाईनं शेंग फोडायची थांबवली. “एकट्याला बसवत्यात?”

“हां.”

“आन् ती दुसरी गोळी कुणाला?”

“त्यालाच की.”

“मग थांबायचं कुणासाठी?”

साधना हसली. “स्वतःसाठी, आजी.”

“सोतासाठी कोण थांबतंय बाई? तुझ्या सरांना म्हणावं, लेकराला सांगा, एक तुझी आन् एक तुझ्या भनीची. ती शाळंतनं यायचीय. मग बघा थांबतंय का न्हाई ते.”

उंबऱ्यावरचा दोर थांबला होता. आबा इकडे न बघताच म्हणाले, “आन् भन आलीच न्हाई तर?”

प्रतिभाला घरी आणण्यावर त्या दोघांत सात वर्षांत झालेलं ते पहिलं बोलणं. कुशाबाईनं शेंगा खाली ठेवल्या.

“तर कुणीतरी जाऊन आणावी,” ती म्हणाली.

आबा पुन्हा दोर वळायला लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून माझ्यासमोर येऊन बसले. झाकण सबंध उघडलं. तिसराच दिवस होता, आंबे दगडासारखे होते. त्यांनी त्यातले चांगले चांगले निवडून पिशवीत भरायला सुरुवात केली. पिशवी भरली तरी हात थांबेनात. कुशाबाई आवाज ऐकून आत आली आणि दारातच उभी राहिली.

“अवो, काय करताय? अजून कच्चं हायेत की ते! अजून आठ दिवस लागतील.”

“माझ्यानं न्हाई आठ दिवस थांबवत,” आबा म्हणाले. “तिच्याकडं पिकतील.”

ज्या माणसानं सात वर्षं दम काढला, त्याला आता आठ दिवस निघत नव्हते. संपत गाडीवर सोडतो म्हणाला, तर त्यालाही नको म्हणाले. पिशवी खांद्याला अडकवून एस.टी.च्या फाट्यावर एकटेच गेले.

तो दिवस आम्ही दोघींनी कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. कुशाबाई दहा वेळा बाहेर जाऊन आली. दुपारी तिनं माझ्यातले उरलेले आंबे पुन्हा गवतात नीट लावले, आणि लावलेले पुन्हा काढून लावले. दिवस कलल्यावर आबा परत आले. पिशवी रिकामी होती. पाणी पिऊन ते माझ्यावर बसले.

“भेटली?” कुशाबाईनं विचारलं.

“शाळंवर गेल्ती.”

“आन् मग?”

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “इहीणबाईंनी च्या केला.”

इहीणबाई. सुमितच्या आईचं नाव विठाबाई. पण आबांनी नाव घेतलं नाही. नातं घेतलं. त्या एका शब्दात लग्नही आलं, जावईही आला आणि लेकही घरात आली. कुशाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तशीच म्हणाली, “सांगा की म्होरं.”

“नात हाय. करुणा म्हणत्यात. पाच वर्साची असंल. पिशवी बघितली आन् कच्चाच आंबा पायजे म्हणून बसली. इहीणबाई म्हणल्या, आई आल्यावर. तर थांबली बघ लगीच. हातात आंबा धरून थांबली.”

“तुमी का न्हाई थांबला, पोरगी येईस्तवर?”

“हिंमत न्हाई झाली,” आबा म्हणाले.

आंबे ठेवून, गवतात घाला एवढं सांगून, आबा लेकीला न भेटताच निघून आले होते. आता तिकडून काय येणार? ती आंबे घेईल की परत पाठवील? सात वर्षांत आपण तिला साधा निरोप धाडला नाही, मग तिनं का धाडावा? सगळं घर त्या प्रश्नावर जीव मुठीत धरून बसलं. संपतच्या मोबाईलची घंटा वाजली की चार माणसं उठायची. कधी पाळीचा फोन, कधी चुकून लागलेला नंबर. असे सात दिवस गेले.

आठव्या दिवशी सकाळी फोन आला. संपतनं नंबर बघितला आणि मोबाईल आईच्या कानाला लावला.

“कोण?... प्रती?” कुशाबाईचा आवाज चिरकला. “काय म्हणतीस?... पिकले?... सगळे?... अगं मग खाल्ले का न्हाई?” आणि ती ऐकत राहिली, डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी पुसलं नाही. मग फोन आबांपुढं धरला.

“तुमाला मागतीय. आंबे पिकल्यात म्हणती. कुणी खाल्ले न्हाईत. सगळे आल्याबिगर उघडणार न्हाई म्हणती.”

आबांनी फोन दोन्ही हातांत धरला. “व्हय,” म्हणाले. पुन्हा म्हणाले, “व्हय.” शेवटी म्हणाले, “येतो. सगळे येतो.”

तासाभरात घर रिकामं झालं. संपतनं पाळी बुडवली, सुनेनं चूल विझवली, साधनानं आजीची पिशवी घेतली. दाराला कुलूप लागलं आणि मी आत एकटी राहिले. माझ्यातलेही आंबे त्याच दिवशी पिकले होते. बंद घरात वास कोंदला होता. पण ज्या आढीभोवती त्या दिवशी सगळे बसले ती माझी नव्हती. ती यवतला, विठाबाईंच्या घरात, एका साध्या टोपलीतली होती.

हे सांगताना माझा सूर जरा दुखरा लागतो, तुम्ही समजून घ्या. मला हेवा नाही वाटत. मी सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं आणि मला ते दिसलं नाही, एवढंच. प्रतिभा कुठं बसली, आबा तिला काय म्हणाले, संपत आणि सुमितमध्ये आधी कोण बोललं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. संध्याकाळी आबा आले तेव्हा सदऱ्यावर कोपरापर्यंत रस होता. एवढ्यावरून मी ओळखायचं ते ओळखलं.

त्यानंतर प्रतिभा चार-सहा वेळा येऊन गेली, करुणा माझ्यावर बसून पाय हलवत राहिली. पण तेव्हा आंब्याचे दिवस नव्हते. पुढचं साल झाडाचं आड साल. त्याच वर्षी दिवाळीनंतर आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. माझ्याभोवती सगळे गोल बसायचे ते नव्व्याण्णवनंतर राहूनच गेलं. आता ते कधीच होणार नाही, आणि या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं.

आता माझी स्थिती सांगते. खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागली आहे. संपत स्लॅबचं घर बांधतोय. नव्या घरात माझी जागा नाही. अंघोळीच्या बंबाला आठ दिवसांचं सरपण होईल, असं तो परवा सुनेला सांगत होता. बाजारातून पिकलेले आंबे येतात, पोरं-माणसं उभ्या उभ्या खातात, ज्याला जेव्हा सवड असेल तेव्हा. मी कुणाला दोष देत नाही. पाळ्या तशा आहेत, दिवस तसे आहेत. माझं मागणं एवढंच आहे की मला जाळायचं तर जाळा, पण फोडायला घ्याल त्या दिवशी प्रतिभाला बोलवा. माझ्या फळ्यांत तिच्या वाटचा बराच रस मुरलेला आहे.

आणि निरोप घेण्याआधी या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते. झाडाला पाड लागला. पहिला पिकला आंबा आपोआप बांधावर पडला, तो कुशाबाईनं उचलून आणला. आढी लावायचं तिनं यंदा नावही काढलं नव्हतं. घरात कुणी नव्हतं. ती माझ्याशी टेकून बसली, आंबा तळहातांत घोळवून मऊ केला, देठ काढला आणि खायला लागली. कुणाची वाट न बघता तिला खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात साधना कॉलेजातून आली. दारातच थांबली.

“आजी! आज एकटीच? कुणाची वाट न्हाई बघायची?”

कुशाबाईनं पदरानं हनुवटीवरचा रस पुसला.

“ज्यांची बघायची, ते आता माझी बघत्यात,” ती म्हणाली, आणि उरलेला आंबा तिनं शांतपणे चोखून संपवला.